लष्कराची तरंगती मालवाहू जहाजं आणि माल उतरवण्याचा पेच

नोव्हेंबर १९१७. पूर्व आफ्रिकेतली, म्हणजे आजच्या टांझानियाच्या भागातली, जर्मन फौज ब्रिटिशांच्या कोंडीत सापडली होती. समुद्रावर ब्रिटिश आरमाराचा पहारा होता आणि दारूगोळा, औषधं पोचवायला वाटच उरली नव्हती. तेव्हा जर्मन नौदलाने बल्गेरियातल्या यांबोलहून एल-५९ नावाचं झेपेलिन, म्हणजे हलक्या वायूच्या जोरावर तरंगणारं प्रचंड एअरशिप (हवाई जहाज), रवाना केलं. लांबी २२६ मीटर, पोटात ६८,५०० घनमीटर हायड्रोजन आणि सोबत सुमारे १५ टन माल. भूमध्य समुद्र ओलांडून, इजिप्तच्या वाळवंटावरून ते पार सुदानपर्यंत पोचलं. खार्तूमच्या पश्चिमेला असताना बिनतारी संदेश आला की उतरायची जागा आता आपल्या हातात राहिलेली नाही, माघारी फिरा. ९५ तासांत ६,७५७ किलोमीटर न थांबता उडून ते यांबोलला परतलं.

खरं तर ते परतणं बेतात नव्हतंच. आफ्रिकेत हायड्रोजन भरून घेण्याची सोय नव्हती, म्हणून हा प्रवास एकतर्फी ठरला होता. उतरल्यावर अख्खं झेपेलिन मोडायचं, त्याच्या कापडाचे तंबू शिवायचे, सांगाड्याच्या धातूचे खांब करायचे, आतल्या चालायच्या वाटेवरच्या चामड्याचे बूट करायचे, असा सगळा हिशेब मांडलेला होता. उधळपट्टी वाटेल, पण त्यात शहाणपण होतं. हवेत तरंगणाऱ्या वाहनाने जड माल नेणं जमतं. तो उतरवून रिकाम्या वाहनाचं काय करायचं, हा खरा पेच असतो. जर्मनांनी पेच सोडवला नाही, वाहनच मोडून टाकायचं ठरवलं.

त्यानंतर शंभरहून अधिक वर्षांनी लष्करं याच कल्पनेकडे पुन्हा पुन्हा वळतात. आता हायड्रोजनऐवजी हेलियम आहे, रचना 'हायब्रिड', म्हणजे फुगा आणि विमान यांचं मिश्रण, आहे आणि वैमानिकाशिवाय उडवायचा विचार आहे. पेच मात्र तोच आहे, आणि तो समजला की या विषयातलं बाकीचं बरंचसं आपोआप समजतं.

एक घनमीटर, एक किलो

समुद्रसपाटीला एक घनमीटर हवेचं वजन सव्वा किलोच्या जरा आत असतं. तेवढ्याच हेलियमचं वजन पावणेदोनशे ग्रॅमच्या आसपास. दोन्हींतला फरक म्हणजे उचल: एक घनमीटर हेलियम साधारण एक किलो उचलतो. हा आकडा लक्षात ठेवा, शेवटपर्यंत उपयोगी पडेल. एक टन उचलायला हजार घनमीटर, चाळीस टन उचलायला चाळीस हजार. या उचलीतूनच कापड, इंजिनं, इंधन आणि यंत्रणा यांचं वजन जातं. उरेल तो माल.

हायड्रोजन याहून थोडा जास्त उचलतो, पण पेटतो. ६ मे १९३७ ला अमेरिकेत लेकहर्स्टला हिंडेनबर्ग हे हायड्रोजनवर तरंगणारं जर्मन प्रवासी एअरशिप जळालं, ३६ माणसं गेली आणि तो विषय बहुतेकांच्या मनात तिथेच संपला. हेलियम पेटत नाही. गोळी लागली तर फुगा फुटतो तसं एअरशिप फुटेल, हाही गैरसमज आहे. आतला दाब बाहेरच्यापेक्षा अगदी किंचित जास्त असतो, त्यामुळे गोळीच्या भोकातून वायू सावकाश गळतो आणि वाहनाला घरी यायला वेळ मिळतो. क्षेपणास्त्राची गोष्ट अर्थात वेगळी.

आता पेच. वीस टन माल भरलेलं एअरशिप हवेत तोलून राहिलं आहे, म्हणजे त्याची उचल आणि एकूण वजन सारखं आहे. ते जमिनीवर आणलं आणि वीस टन उतरवले. उचल तेवढीच राहिली, वजन वीस टनांनी घटलं. विहिरीत पालथी बुडवून धरलेली रिकामी घागर सोडली की जशी उसळून वर येते, तसं ते वर जाणार. थांबवायचं तर उतरवलेल्या मालाइतकंच दुसरं वजन त्याच क्षणी चढवायला हवं, पाणी किंवा वाळू. पुढच्या छावणीत, जिथे प्यायचं पाणीसुद्धा टँकरने येतं, तिथे वीस टन पाणी कोण तयार ठेवणार? दुसरा मार्ग वायू सोडून देण्याचा. हेलियम महाग, नैसर्गिक वायूच्या मोजक्या साठ्यांतून मिळणारा. दर खेपेला वीस हजार घनमीटर आकाशात सोडणं कुणालाच परवडणार नाही.

उतरवण्याआधीही त्रास असतोच. इंधन जळेल तसं वाहन हलकं होत जातं. उन्हाने आतला वायू तापून फुगतो आणि उचल वाढते, रात्री गारठून घटते. एल-५९ ला वाळवंटावर हा खेळ चांगलाच भोवला होता. रात्री उचल कमी पडून ते धोकादायकरीत्या खाली आलं आणि ओझं फेकून सावरावं लागलं.

थोडं विमान, थोडं फुगा

हायब्रिडची युक्ती इथे येते. वाहन मुद्दाम हवेपेक्षा जड ठेवायचं. एकूण वजनाचा मोठा हिस्सा हेलियमने तोलायचा आणि उरलेला आकारामुळे मिळणाऱ्या उचलीने. म्हणून हायब्रिडचा आकार जुन्या झेपेलिनसारखा सिगारी नसतो. दोन-तीन सिगारी शेजारी चिकटवल्यासारखा चपटा आणि रुंद असतो. पुढे सरकताना हवा त्याला विमानाच्या पंखासारखी वर ढकलते, आणि चढउताराला मदत म्हणून प्रोपेलर वळवता येतात.

लॉकहीड मार्टिनच्या पी-७९१ या प्रायोगिक वाहनाने ३१ जानेवारी २००६ ला कॅलिफोर्नियातल्या पामडेलला पहिलं उड्डाण केलं. त्यात साधारण ८० टक्के वजन हेलियमवर आणि २० टक्के आकारावर, अशी वाटणी होती. माल उतरवला तरी वाहन उसळून वर जाऊ नये यासाठी हा वीस टक्क्यांचा फरक गादीसारखा वापरता येतो. शिवाय त्याला चाकांऐवजी खाली हवेच्या चार गाद्या होत्या. उतरताना त्यांतून हवा बाहेर फेकली की ते कोणत्याही सपाट जागेवर टेकतं, आणि पंखे उलटे फिरवले की त्याच गाद्या जमिनीला चिकटून बसतात. दोरखंड धरणारी शे-दोनशे माणसांची फौज लागत नाही. सगळ्या हायब्रिड रचनांत ही एक गोष्ट मला सर्वांत हुशारीची वाटते, आणि तिच्याबद्दल लिहिलं सर्वांत कमी जातं.

वाटणी फुकट मात्र मिळत नाही. आकारातून उचल हवी तर सतत पुढे सरकावं लागतं, म्हणजे इंधन जातं. जागच्या जागी तरंगायची सोय कमी होते. भरलेलं वाहन उडवायला थोडं धावावंही लागतं. 'धावपट्टी नको' याचा खरा अर्थ 'डांबरी धावपट्टी नको' एवढाच घ्यायचा. झाडं, तारा, टेकाडं नसलेलं मोकळं मैदान लागतंच.

युक्रेनी वंशाचे अभियंते इगोर पॅस्टर्नॅक यांच्या एरॉस कंपनीने वेगळाच मार्ग धरला. माल उतरवला की आतला हेलियम टाक्यांमध्ये दाबून भरायचा आणि मोकळ्या झालेल्या जागेत बाहेरची हवा घ्यायची, म्हणजे वाहन आपोआप जड. पाणबुडी पाणी घेऊन जड होते, तेच तत्त्व. अमेरिकी संरक्षण खात्याच्या पैशातून त्यांनी ८१ मीटर लांबीचं प्रायोगिक 'ड्रॅगन ड्रीम' बांधलं. २०१३ च्या ऑक्टोबरमध्ये ते उभं होतं त्या टस्टिनच्या जुन्या हँगरच्या छताचा भाग त्यावर कोसळला, हेलियम गेला आणि प्रयोग तिथेच अडला. तत्त्व चुकीचं होतं असं त्यावरून म्हणता येत नाही. पण एवढं मोठं वाहन ठेवायला जागा शोधणं हाही खर्चाचा भाग आहे, हे लोक विसरतात. जर्मनीतल्या कार्गोलिफ्टर कंपनीने १६० टन उचलणाऱ्या एअरशिपसाठी ३६० मीटर लांब आणि १०७ मीटर उंच हँगर बांधला. एअरशिप काही झालं नाही, २००२ मध्ये कंपनी बुडाली, आणि त्या हँगरमध्ये आता 'ट्रॉपिकल आयलंड्स' नावाचं कृत्रिम समुद्रकिनाऱ्याचं करमणूक केंद्र चालतं.

इतकं मोठं का बांधायचं? कारण लांबी दुप्पट केली की आतली जागा आठपट होते, कापड मात्र चौपटच लागतं. मोठं तेवढं फायद्याचं. याच हिशेबाने अमेरिकेच्या डार्पा या संरक्षण संशोधन संस्थेने २००५ च्या सुमारास 'वॉलरस' प्रकल्प काढला होता. ५०० टन लष्करी माल, १२,००० सागरी मैल, सात दिवसांच्या आत, अशी अपेक्षा. वर्षभरातच पैसा थांबला. कागदावर भूमिती जिंकते, पण भूमितीला वारा लागत नाही.

माणूस कशाला हवा, कशाला नको

विनावैमानिकाचा आग्रह अफगाणिस्तानातून आला. तिथे अमेरिकी फौजेला इंधन, पाणी, दारूगोळा ट्रकच्या ताफ्यांनी पोचवावा लागे, आणि रस्त्यात सुरुंग. अमेरिकी लष्कराच्या २००९ च्या एका अभ्यासात २००७ सालचा हिशेब मांडला होता: इंधन नेणाऱ्या दर २४ ताफ्यांमागे एक माणूस ठार किंवा जखमी. नोव्हेंबर २०११ पासून जुलै २०१२ पर्यंत पाकिस्तानने तर आपल्या हद्दीतून जाणारी वाटच बंद केली होती. ज्या मालासाठी माणसं मरतात तो माल माणसाशिवाय नेता आला तर बरं, यात वाद घालण्यासारखं काही नाही.

ते जमतं हे हेलिकॉप्टरने दाखवलं. डिसेंबर २०११ पासून अमेरिकी मरीन दलाने हेलमंदमध्ये के-मॅक्स ही विनावैमानिक हेलिकॉप्टरं वापरली. सहा महिन्यांचा प्रयोग वाढत वाढत २०१४ पर्यंत चालला आणि एकूण सुमारे २,००० टन माल पोचला. जून २०१३ मध्ये त्यातलं एक कोसळलं, पण आत कुणी नव्हतंच.

एअरशिपच्या बाबतीत माणूस नसण्याचा आणखी एक फायदा आहे. हे वाहन हळू चालतं, ताशी १०० ते १५० किलोमीटर. दोन हजार किलोमीटर जायला तेरा ते वीस तास. म्हणजे बदली वैमानिक, झोपायची जागा, जेवण, शौचालय. माणसं काढली की ते सगळं वजन मालाला मिळतं आणि वाहन कितीही तास हवेत राहू शकतं.

मग अडतं कुठे? पुन्हा उतरण्यापाशीच. वाऱ्याचा झोत आला की लहान यंत्र क्षणात सावरतं. नव्वद मीटर लांबीचं फुगीर अंग मात्र मोठ्या शिडासारखं वाऱ्यात सापडतं आणि त्याला सावरायला वेळ लागतो. अनुभवी वैमानिक झोत येण्याआधी गवत, धूळ, झाडं बघून अंदाज घेतो. संगणकाला तेच शिकवावं लागतं, त्यासाठी शेकडो उड्डाणांचा अनुभव हवा, आणि हायब्रिडांची जगभरातली उड्डाणं अजून मोजकीच आहेत.

अमेरिकी लष्कराच्या एलईएमव्ही या एअरशिपची कथा यासाठी वाचण्यासारखी आहे. जून २०१० मध्ये नॉर्थ्रप ग्रमन कंपनीला कंत्राट मिळालं. मूळ रचना ब्रिटनच्या हायब्रिड एअर व्हेइकल्स कंपनीची. मुख्य काम टेहळणीचं, पण वैमानिकासह किंवा त्याच्याविना उडणारं असं ते हायब्रिड होतं. २०,००० फुटांवर २१ दिवस राहायचं आणि अठरा महिन्यांत अफगाणिस्तानात पोचायचं, असा करार. बांधता बांधता वजन पाच टनांहून जास्त वाढलं, आणि त्या उंचीवर राहायची मुदत २१ दिवसांवरून चार-पाच दिवसांवर आली. ७ ऑगस्ट २०१२ ला लेकहर्स्टला पहिलं उड्डाण झालं, तेही आत वैमानिक बसवून. फेब्रुवारी २०१३ मध्ये प्रकल्प रद्द. सुमारे ३० कोटी डॉलर खर्चून बनलेलं वाहन त्याच ब्रिटिश कंपनीने लष्कराकडून ३ लाख १ हजार डॉलरला परत विकत घेतलं. भंगाराचा भाव म्हणायचा!

ब्रिटनमध्ये त्याचं नाव 'एअरलँडर १०' झालं. मागून दिसणाऱ्या दोन गोल फुगवट्यांमुळे तिथल्या वर्तमानपत्रांनी त्याला जे टोपणनाव दिलं ते इथे लिहीत नाही. ऑगस्ट २०१६ मध्ये दुसऱ्याच उड्डाणात उतरताना त्याचं नाक जमिनीवर आपटलं, तेही आत वैमानिक असताना. नोव्हेंबर २०१७ मध्ये ते बांधून ठेवलेल्या खांबावरून सुटलं आणि सुरक्षेसाठी ठेवलेल्या यंत्रणेने हेलियम सोडून त्याला जमिनीवर बसवलं. हवेत असताना या वाहनाला फारसं काही झालं नाही. जे झालं ते जमिनीजवळ.

माणूस नसलेलं मोठं फुगीर अंग सुटलं तर काय होतं याची चुणूकही अमेरिकेने पाहिली आहे. २८ ऑक्टोबर २०१५ ला मेरीलँडमधला दोराने बांधलेला टेहळणीचा एक लष्करी फुगा सुटला आणि लांबलचक दोर फरफटत पेनसिल्व्हेनियात पोचला. वाटेत विजेच्या तारा तुटून हजारो घरं अंधारात गेली.

लेह आणि मिनिकॉय

आपल्याकडे हा विषय निघाला की लगेच लडाखचं नाव येतं. हिवाळ्यात खिंडी बर्फाने अडतात, उन्हाळ्यात ट्रकांनी आणि वर्षभर विमानांनी साठा करावा लागतो, शेवटच्या टप्प्यावर अजूनही खेचरं आणि हमाल असतात. तिथे विनावैमानिक हायब्रिड किती छान, असं वाटणं साहजिक आहे. आता तो एक किलोचा आकडा काढू.

चंदीगड ते लेह सरळ अंतर सुमारे ४०० किलोमीटर. लेहचा विमानतळ ३,२५६ मीटरवर आहे, पण प्रश्न लेहचा नाही, वाटेतल्या डोंगरांचा आहे. बारालाचा खिंड ४,९०० मीटरच्या आसपास, टांगलांग ला ५,३०० च्या वर. म्हणजे किमान साडेपाच हजार मीटर उंची गाठायची तयारी हवी. तिथली हवा समुद्रसपाटीच्या सुमारे ५७ टक्केच दाट असते, त्यामुळे वर जाताना हेलियम फुगत जातो. त्याला फुगायला जागा हवी, म्हणून जमिनीवर निघतानाच पोट ५७ टक्के भरायचं आणि उरलेल्या जागेत साधी हवा ठेवायची. ती वर जाताना बाहेर सोडतात. चाळीस हजार घनमीटरचं वाहन घेतलं तर हेलियम झाला तेवीस हजार घनमीटर, उचल तेवीस टन. त्यातून वाहनाचं स्वतःचं वजन गेलं की मालाला किती उरेल ते बघा. आकारामुळे मिळणारी उचल आणि प्रोपेलरची ताकदसुद्धा विरळ हवेत घटते. वरून डोंगरी वारे: ताशी ११० च्या वेगाला समोरून ५० चा वारा लागला तर पुढे सरकायचा वेग ६०. लेहला दुपारनंतर वारा वाढतो म्हणून विमानं सकाळीच उरकून घेतात. एअरशिपला ती मोकळीक आणखी कमी मिळेल. याच मार्गावर सुमारे दहा टनांच्या क्षमतेचं चिनूक हेलिकॉप्टर २०१९ पासून चंदीगडला आहे. अशा ठिकाणी हायब्रिड त्याच्यावर मात करेल असं मला वाटत नाही.

डीआरडीओने ३ मे २०२५ ला मध्य प्रदेशातल्या श्योपूरहून स्वतःचं एअरशिप १७ किलोमीटर उंचीपर्यंत नेलं, उड्डाण ६२ मिनिटांचं. ती मोठी गोष्ट आहे, पण ते टेहळणीची उपकरणं नेणारं वाहन आहे. मालवाहतुकीशी त्याची गल्लत करू नये.

आता नकाशावर खाली या. कोची ते लक्षद्वीपमधलं मिनिकॉय, अंतर पुन्हा सुमारे ४०० किलोमीटर. नौदलाचा 'आयएनएस जटायू' तळ तिथे मार्च २०२४ मध्ये सुरू झाला तेव्हा बेटावर धावपट्टी नव्हती. वाटेत डोंगर नाही. हजार मीटरच्या आत उडायचं तर पोट ९० टक्के भरून निघता येतं: तेच चाळीस हजार घनमीटरचं वाहन, हेलियम छत्तीस हजार, उचल छत्तीस टन. लडाखच्या वाटेपेक्षा तेरा टन जास्त. वाहनाचं स्वतःचं वजन दोन्हीकडे तेवढंच, म्हणून हे तेराच्या तेरा टन मालाचे. परतीला हलकं व्हायची चिंताही थोडी कमी, कारण गोड्या पाण्याची टंचाई असली तरी वजन म्हणून भरायला समुद्राचं खारं पाणी चारी बाजूंना आहे. वाटेत काही बिघडलं तर खाली घरं नाहीत, विजेच्या तारा नाहीत.

फक्त मे अखेरपासून सप्टेंबरपर्यंत तिथे मोसमी वारा असतो. ज्या महिन्यांत समुद्र खवळल्याने बेटांची होड्यांमधून होणारी वाहतूक थांबते, त्याच महिन्यांत हे वाहनही कोचीला हँगरमध्ये बांधून ठेवावं लागेल.